जानेवारीत आई-बाबांना घेऊन मनाली, की जयपूर?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. काही चुकलं असेल तर तिथंच मला थांबवा. दिग्रसजवळच्या खेड्यातून जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आठ दिवसांसाठी निघायचं आहे. तुम्ही दोघं, ७२ वर्षांचे बाबा, ६८ वर्षांची आई, १३ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा. लेकरांना बर्फ पाहायचा आहे, बाबांना किल्ले-राजवाडे, आणि आईचं म्हणणं एवढंच की कुठंही न्या, पण एखादं मोठं देवदर्शन घडवा. तिचे गुडघे दुखतात आणि हिवाळ्यात दमा उचल खातो. कापसाच्या पैशातून पहिल्यांदाच सगळं घर बाहेर पडतंय, म्हणून तुम्ही विचारताय: मनालीचे डोंगर करावे, की दिल्ली-जयपूरसारखी शहरं?

उत्तर सांगून टाकते, मग कारणं सांगते. ह्या वेळी शहर करा. पण दिल्ली नको. उज्जैन करून जयपूर. बर्फ मे महिन्यात दाखवा. दारव्ह्याहून मी २००३ पासून घरगुती सहली नेते आहे, बहुतेक गिऱ्हाईक शेतकऱ्याघरचं, आणि हिवाळ्यात आजी-आजोबा सोबत असले की मी हाच सल्ला देते. तुमची परिस्थिती जरा वेगळी असती तर उत्तरही बदललं असतं. ते कुठं बदलतं हेही सांगते.

डोंगर सुंदर की शहर सुंदर, हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. तुमच्या घरातलं सर्वांत नाजूक माणूस थंडीत किती तास बाहेर काढू शकतं, आणि आठांपैकी किती दिवस खरोखर तुमच्या हाती उरतात, एवढाच हिशेब आहे. तो बहुतेक लोक मांडत नाहीत. मोबाईलवर बर्फातला फोटो पाहतात आणि बुकिंग करतात.

पहिली चूक आपली वऱ्हाडातली माणसं करतात ती थंडीच्या अंदाजात. आपल्याला वाटतं, आम्हाला काय थंडीचं सांगता? आणि ते खोटंही नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. रात्री हरभऱ्याला ओलीत करणाऱ्या माणसाला हिव म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. पण आपलं हिव रात्रीचं असतं. सकाळी नऊला ऊन वर आलं की स्वेटर खांद्यावर जातो आणि दुपारी बारा वाजता आपण सावली शोधतो. पहाटे ९-१० अंश असलेला आपला पारा दुपारी २७-२८ वर पोहोचलेला असतो. म्हणजे रात्री गारठलेलं अंग रोज दुपारी पुरतं शेकून निघतं.

मनालीत तसं होत नाही. गाव समुद्रसपाटीपासून साधारण २००० मीटरवर आहे. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात, शिवाय ते आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला. जानेवारीत दिवसा पारा कसाबसा दहाच्या आसपास जातो आणि रात्री शून्याखाली उतरतो. दरी अरुंद असल्यानं चार वाजले की ऊन डोंगराआड. त्यामुळे फिरायला मिळतात ते जेमतेम पाच-सहा तास. उरलेले अठरा तास तुम्ही खोलीत असता. आईची सहल मनालीजवळच्या सोलंगच्या बर्फावर ठरत नाही, त्या खोलीवर ठरते. खोली गरम आहे का, हीटरचे पैसे वेगळे लावतात का, वीज गेली तर काय, गरम पाणी बादलीभर की नळाला, हे सगळं आधी फोन करून विचारावं लागतं. बरेच जण खिडकीतून दिसणारा डोंगर तेवढा विचारतात.

एका जानेवारीत मी सतरा जणांना घेऊन तिथं होते. दुसऱ्या रात्री जोरदार बर्फ पडला. पोट्टे खूश, मीही खूश. सकाळी वीज नव्हती, नळ गोठलेले. हॉटेलवाल्यानं माणुसकीनं प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी आणून ठेवली. मी त्या एकेक करून बाहेर काढल्या आणि त्यावरून त्याच्याशी माझं भांडण झालं. बंद खोलीत कोळसा जळाला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस झोपेतच जातो. तुम्ही पुढं कधीही, कुठल्याही थंड प्रदेशात गेलात तरी एवढं लक्षात ठेवा: शेकोटी अंगणात, खोलीत कधीच नाही. ती रात्र आम्ही सगळ्या बाया दोन खोल्यांत दाटीवाटीनं झोपून काढली. खाली उतरायचा रस्ता दीड दिवस बंद होता. दिल्लीहून परतीची गाडी चुकली, सतरा तिकिटं वाया गेली आणि नागपूरपर्यंत आम्ही जनरल डब्यात आलो. तरुण आजही तो किस्सा हसत सांगतात. त्यातल्या एक मावशी मात्र पुन्हा माझ्यासोबत आल्या नाहीत. त्यांना दमाच होता.

थंड, कोरडी हवा दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका आवळते. शिवाय मनालीत जायचं म्हणजे नुसतं मनालीत राहणं नाही. गावात बर्फ नसला की गाडीवाला पुढं नेतो, अटल बोगद्यापलीकडे. हा नऊ किलोमीटरचा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून हिवाळ्यातही लाहौलच्या बाजूला जाता येऊ लागलं. सोय झाली, पण बोगदा ३००० मीटरच्या वर आहे. धडधाकट माणसालाही तिथं चार पावलं भरभर चाललं की धाप लागते. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग ते बोगदा ह्याच पट्ट्यात अचानक बर्फ पडून शेकडो गाड्या तासन्‌तास अडकल्या होत्या. आठ वर्षांचं लेकरू आणि दम्याची आई घेऊन त्या रांगेत मला तरी बसायचं नाही.

आणि इतकं करून बर्फ मिळेलच असंही नाही. हिमाचल-काश्मीरकडचा हिवाळी पाऊस आणि बर्फ पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी पावसाच्या लाटांवर, अवलंबून असतो. ते आले तर तीन दिवस बर्फ, नाही आले तर पंधरा-पंधरा दिवस कोरडं ऊन. २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात गुलमर्गचे उतारसुद्धा उघडे पडले होते. नेमका तुम्ही म्हणता तो पंधरवडा. आपल्याकडे मृगाचा भरवसा नसतो तसंच हे आहे, आणि पावसाची वाट पाहत पेरणी तरी लांबवता येते. रजा आणि तिकीट लांबवता येत नाही.

आता दिवस मोजा. तुमच्या गावाहून बडनेरा किंवा नागपूर, तिथून दिल्ली १५ ते १८ तास, पुढं मनालीची बस आणखी १२ ते १४ तास घाटाची. जाताना दोन रात्री, येताना दोन रात्री. आठांतले चार दिवस प्रवासात गेले. उरलेल्या चारांतला एक थकवा काढण्यात जातो, बाबा नाही म्हणाले तरी जातो. तीन दिवसांसाठी हा खटाटोप. हे गणित सगळ्यांना लागू नाही. पुण्या-मुंबईहून विमानानं चंदीगडला उतरणाऱ्या तरुण जोडप्याला मी जानेवारीतही मनाली खुशाल सुचवेन.

मग शहर म्हणजे आपोआप बरं का? नाही. दिल्ली मी वगळते ती ह्याच कारणानं. दमा असलेल्या माणसासाठी जानेवारीतली दिल्ली मनालीपेक्षा वाईट ठरू शकते. डोंगरातली हवा थंड असते, पण स्वच्छ असते. दिल्लीत हिवाळ्यात वारा पडतो, थंड हवेचा थर जमिनीलगत बसून राहतो आणि धूर-धूळ त्यातच कोंडून राहते. वर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत धुकं. काही दिवस ऊनच पडत नाही, दुपारीही पारा १४-१५ च्या पुढं सरकत नाही. आपली दुपारी शेकायची सवय तिथंही मोडते. आग्र्याला धुक्यात सकाळी सात वाजता पोहोचून ताजमहालाऐवजी पांढरा पडदा पाहिलेले लोक मी नेलेले आहेत. पैसे देऊन, बरं का. तेव्हापासून मी जानेवारीत ताज दुपारीच दाखवते, आणि शुक्रवारी तो बंद असतो हे आधी सांगते. दिल्लीत भरीला २६ जानेवारीच्या परेडच्या रंगीत तालमी असतात. कर्तव्यपथाच्या बाजूचे रस्ते वेळी-अवेळी बंद होतात, रिक्षावाला तीन चौक आधीच उतरवून देतो, आणि आईचे गुडघे तिथंच बोलायला लागतात.

धुक्याचा दुसरा फटका रेल्वेला बसतो. दिल्लीहून निघणारी गाडी चार तास उशिरा हे जानेवारीत नेहमीचंच. मी स्वतः अकरा तास फलाटावर बसलेली आहे. तेव्हापासून माझा नियम: जानेवारीत दिल्लीमार्गे गाडी बदलायची असेल तर मध्ये एक रात्र सोडायची, एकाला लागून दुसरी गाडी धरायची नाही.

उज्जैन-कोटा-जयपूर हा पट्टा म्हणून मला आवडतो. धुकं तिथंही पडतं, पण दिल्ली-आग्रा-कानपूरच्या मानानं बरंच कमी. जानेवारीत जयपूरला दुपारी २२ अंशांच्या आसपास, रात्री ८. म्हणजे आपल्यासारखाच प्रकार, थोडा जास्त कडक. सकाळी दहा ते पाच आरामात फिरता येतं. आणि मुख्य म्हणजे आई दमली तर तिला रिक्षात घालून पंधरा-वीस मिनिटांत खोलीवर पोहोचवता येतं. बाकीचे फिरत राहतात. डोंगरात एक दमला की सगळी गाडी मागं फिरते. रात्री-अपरात्री डॉक्टर लागलाच तर तोही शहरात लवकर सापडतो.

मी असं करेन. नागपूरहून उज्जैनला जाणारी गाडी पकडा. उज्जैनला दीड दिवस. महाकाल हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, आईचं मागणं तिथंच पूर्ण होतं. पहाटेच्या भस्मआरतीचा हट्ट मात्र धरू नका. चार वाजताच्या थंडीत आणि त्याआधीच्या रांगेत दम्याच्या माणसाला उभं करण्यात पुण्य नाही. सकाळी नऊनंतरचं दर्शन तेवढंच खरं. तिथून रात्रीच्या गाडीनं जयपूर. नागपूरहून थेट जयपूरला जाणाऱ्या गाड्या रोज नसतात, त्यामुळे येताना ती थेट गाडी कोणत्या वारी आहे ते आधी बघा आणि त्यावरून मागं मोजत सगळी सहल बसवा. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. जानेवारीची तिकिटं म्हणजे ऐन वेचणीच्या गडबडीत, नोव्हेंबरात काढावी लागतील. विसरू नका. आई-बाबांना खालचे बर्थ मागा.

जयपूरला चार मुक्काम करा, एकाच हॉटेलात. रोज बॅगा बांधणं हेच म्हाताऱ्या माणसांना सर्वांत जास्त थकवतं. आमेरचा किल्ला चढावर आहे, पण वरपर्यंत जीप जाते. आईला जीपनं न्या, आत गेल्यावर ती एका चौकात उन्हात बसेल आणि तिला तेच आवडेल. सिटी पॅलेस बराचसा सपाटीवर. हवामहल १७९९ चा. त्याची खरी शोभा समोरच्या रस्त्यावरून दिसते, आत वर चढायची सक्ती कुणावर करू नका. मुलीला मात्र जंतरमंतरला नक्की न्या, तेही ऊन स्वच्छ असताना. सवाई जयसिंगानं बांधलेलं तिथलं सम्राट यंत्र म्हणजे २७ मीटर उंचीचं सूर्यघड्याळ आहे. त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. म्हणजे डोळ्यांनी सरकताना दिसते. मी सांगते म्हणून नका मानू. मुलीला सावलीच्या कडेशी बोट ठेवून मनात साठ आकडे मोजायला सांगा. भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वी फिरते, इथं ती बोटाखालून फिरते.

तारखा १४ जानेवारीला धरून ठेवता आल्या तर मुलासाठी आणखी एक गोष्ट: संक्रांतीला जयपूरचं आकाश पतंगांनी भरून जातं, सगळं शहर गच्चीवर असतं. बर्फाची भरपाई होईल असं म्हणत नाही, पण आठ वर्षांच्या पोराला त्या दिवशी मनाली आठवणार नाही. वहिनींना संक्रांत घराबाहेर जाते म्हणून वाईट वाटेल. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, तिळगूळ सोबत बांधून घ्या.

खरेदीचं एकच सांगते. जयपुरी रजई. दुकानदार सांगेल, पाव किलो कापूस आहे, ताई, तरी गरम. आपण कापूसवाली माणसं, एकदा हातात घेऊन वजन पाहा आणि मग त्याच्याशी बोला. बाबांचा त्या दुकानात तास जाईल.

कपड्यांबद्दल थोडं, कारण पुरुष ह्यात चुकतात. आईसाठी जाड स्वेटर आणि शाल घेतली की झालं असं वाटतं. साडीतल्या बाईला थंडी पायांतून आणि कमरेतून लागते. परकराखाली गरम लेगिंग, पायात लोकरीचे मोजे आणि बंद बूट द्या, चप्पल नको. आई आधी नाही म्हणेल. पहिल्या रात्रीनंतर काढणार नाही. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ थर बरे, दुपारी एकेक काढता येतात. थंडीत म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत, लघवीला उठावं लागतं म्हणून. त्यांच्याजवळ कोमट पाण्याची बाटली ठेवा आणि मधूनमधून आठवण करा. आईचा इन्हेलर हातातल्या पिशवीत हवा, बॅगेच्या तळाशी नको. निघण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवाच. ते नको म्हणाले तर माझं सगळं उत्तर बाजूला ठेवा.

आता बर्फाचं. लेकरांना नाही म्हणू नका, तारीख द्या. रोहतांग खिंड ३९७८ मीटरवर आहे, हिवाळ्यात बंदच असते. साधारण मे महिन्यात ती वाहनांना उघडते तेव्हा रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती उभ्या असतात. तेव्हा आपल्याकडे ४५ अंश, शेत रिकामं, शाळेला सुट्टी, मृगाला अवकाश. आपल्या शेतकऱ्याला डोंगराची खरी रजा मिळते ती मे महिन्यातच. दिवस मोठा असतो, मनालीत दुपारी साध्या स्वेटरवर भागतं, नळ गोठत नाहीत. रोहतांगला दिवसाला १२०० गाड्यांनाच परवाना मिळतो, ८०० पेट्रोल आणि ४०० डिझेल, आणि मंगळवारी खिंड दुरुस्तीसाठी बंद असते. म्हणून मनालीत किमान तीन मुक्काम ठेवा आणि मंगळवार मध्ये येणार नाही असं पाहा. तेवढ्या उंचीवर आईला नेऊच नका. ती आणि बाबा मनालीत हिडिंबेच्या देवळाच्या देवदारांत बसतील. आकाशातून पडणारा बर्फ मात्र मेमध्ये जवळपास मिळत नाही, पडलेलाच मिळतो. मुलीला पडतानाचाच हवा असेल तर ते हिवाळ्याचंच काम, आणि त्यासाठी तुम्ही दोघं आणि लेकरं एवढेच जा.

तिथंच माझं उत्तर बदलतं. आई-बाबा घरी राहणार असतील, दहा-बारा दिवस हाती असतील आणि एखादा दिवस वाया गेला तरी कुणाचं डोकं फिरणार नसेल, तर जानेवारीच्या शेवटी मनाली करा. शिमला त्याहून सोपं, कालक्याहून छोट्या गाडीनं जाता येतं. १९०३ ची ती ९६ किलोमीटरची वाट. तिच्या रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीएवढंच. तिकडं तिला जागतिक वारसा म्हणून जपलंय. आपली दारव्ह्याच्या स्टेशनावर गवतात हरवली. असो, तो वेगळा विषय.

आणि पैसे किंवा दिवस कमी पडले तर डोंगर आपल्या दारात आहे. चिखलदरा आहेच, परतवाड्याहून वर चढलं की झालं. किंवा पचमढी, हजारेक मीटर उंचीवर. महादेवाच्या यात्रेला चौरागड चढून आलेलं कुणीतरी तुमच्याही घरात असेल. पण यात्रेच्या गर्दीत पचमढी दिसत नाही. जानेवारीत ती शांत असते, पहाटे गवतावर कधीकधी दहिवर गोठून पांढरं झालेलं दिसतं, आणि दुपारी आपल्यासारखंच ऊन. चौरागडाच्या पायऱ्या आईसाठी नाहीत, पण खालच्या महादेवाच्या गुहेपर्यंत गाडी बरीच जवळ जाते. तीन दिवसांत परत.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि तिच्यावर तारखा ठरतील. जानेवारीच्या सुरुवातीला तूर सोंगणीला येते, हरभरा ओलिताला असतो आणि शेताची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची असते. सगळंच घर निघालं तर मोटर कोण चालू करणार? गडी भरवशाचा असेल तर ठीक. नसेल तर सहल २० तारखेपुढं ढकला. मग संक्रांतीचे पतंग हुकतील, पण तूर घरात आलेली असेल. ते ठरलं की कळवा, गाड्यांचे वार आपण मिळून बघू.